टी-शर्ट, गोष्टीसकट

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला भावनाच नाहीत!" मला? अहो, भावना नसत्या तर ते कपाट उघडल्या उघडल्या मी काडी नसती का लावली? हसू नका, तुम्ही ते कपाट बघितलेलं नाही. एका हाताने दार धरायचं, दुसऱ्याने टी-शर्ट अडवायचे, गुडघ्याने खालचा कप्पा दाबायचा, आणि एवढं करून जो गठ्ठा अंगावर यायचा तो येतोच! कपाट भरलं म्हणून दोन बॅगा, बॅगा भरल्या म्हणून पलंगाच्या पोटात, पलंग भरला म्हणून... कूलर! बंद पडलेला कूलर! पाणी भरायचं तिथे टी-शर्ट!

सगळे आमच्या ह्यांचे. म्हणजे घालत असतील म्हणाल, तर छे! घालायचे तीनच, तेही मी आणलेले. बाकीचे 'ठेवायचे'. एक नुसता उचलला, की हे असतील तिथून, आंघोळीतूनसुद्धा ओरडणार, "तो नको गं! त्यात आठवण आहे!" साबण डोळ्यात, दार बंद, आणि तरी ह्यांना कळतं मी हात कशाला लावलाय!

आता आठवण म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, काहीतरी पराक्रम असेल. ऐका हं. एक रक्तदानाचा. पुढे लालभडक थेंब, त्याखाली 'मी रक्त दिले'. दिलं का? सुई बघूनच हे आडवे! डॉक्टरीणबाईंनी पाय वर करून झोपवलं, बिस्किट भरवलं, आणि छापलेच आहेत म्हणून टी-शर्ट दिला. दुसरा शर्यतीचा. दहा किलोमीटर! पाण्याच्या पहिल्या टेबलापर्यंत धावले, तिथे शाळेतला मित्र भेटला, दोघं चहाला गेले. तिसरा तर एका रंगाच्या कंपनीचा, आमच्या घराला रंग देणाऱ्या रंगाऱ्याला मिळालेला, त्याला तो घट्ट व्हायचा म्हणून त्याने ह्यांना दिला. म्हटलं, "अहो, ह्यात कसली आलीय आठवण?" तर डोळे मिटून म्हणतात, "काय सुरेख रंग लागला होता गं तेव्हा हॉलला!" अहो, हॉल आहे ना अजून! रंगही तोच आहे! मान वर करून बघा की! पण नाही. आठवण भिंतीत नसते, टी-शर्टात असते.

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं मी बोलले नाही. पण यंदा मी शाळेतून निवृत्त झाले. चित्रकलेची शिक्षिका मी. आणि चित्रकलेचा तास म्हणजे काय असतो माहितीय ना? तो फळ्यावरच्या वेळापत्रकातच असतो! गणिताच्या बाईंचा धडा राहिला, "द्या ना हो आजच्यापुरता," विज्ञानाच्या सरांचा प्रयोग फसला, "बाई, तुमचं काय, चित्र घरी काढतील!" जन्मभर दिले तास. मनात एकच होतं, एकदा सुटले की स्वतःचा वर्ग काढायचा. मागच्या खोलीत. तिथला उजेड बघाल तुम्ही... दिवसभर सारखा, ना डोळ्यावर येणारा, ना सरकणारा. मुलांची नावं आली, सोमवारपासून वर्ग ठरला, आणि कूलरनंतरचे सगळे टी-शर्ट त्याच खोलीत, पाय ठेवायला जागा नाही. त्या दारात उभी राहून मी रडलेय हो. खरंच रडलेय.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, सोपं आहे. बाबांना सांग, एकेकाचा फोटो काढा नि देऊन टाका. आठवण राहते, कापड जातं." मला वाटलं, हे आकाशपाताळ एक करणार, तर लगेच तयार! मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. म्हणाले, "चालेल. पण फोटो घालून काढायचे."

घालून! पोट सुटलंय, खांदे भरलेत, आणि तो वसतिगृहाचा टी-शर्ट हे तेव्हा काडीसारखे होते तेव्हाचा! हात वर केले, डोकं घातलं... आणि अडकले! हात खाली येईनात, मुंडी वर येईना. नुसतं पोट बाहेर, आणि ते पोट खोलीभर धडपडतंय! मी कात्री आणली, तर आवाजावरून ओळखलं. आतून, गुदमरत, "कापू नकोस! त्यात आठवण आहे!" म्हटलं, "अहो, त्यात तुम्ही आहात!"

असो. काढले फोटो. वाटले टी-शर्ट. इस्त्रीवाल्याला, वॉचमनला, गाड्या धुणाऱ्या काकांना, कचऱ्याच्या गाडीवरच्या दोघांना, ज्याने हवा म्हटलं त्याला. खोली रिकामी! फरशीचा रंगसुद्धा विसरले होते मी. मधोमध जाऊन बसले, चहा तिथेच प्यायले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग हे सकाळी फिरायला खाली उतरले.

झालं! समोर इस्त्रीवाला, अंगात रक्तदान. "अरे, हा तुझ्याकडे आला होय! थांब, ह्याची गंमत सांगतो..." तो बिचारा हातात तापलेली इस्त्री घेऊन हो हो करतोय, आणि खाली कुणाच्या तरी लग्नाच्या सदऱ्यातून धूर! तिथून फाटकावर. बाहेर गाड्यांचे भोंगे, आत गाड्यांचे भोंगे, फाटक बंद, आणि हे वॉचमनला पाण्याच्या टेबलाची उंची दाखवतायत. गाड्या धुणारे काका ह्यांना बघून गाडीखाली जायला लागले. गाडी धुणारा माणूस गाडीखाली कशाला जाईल हो? दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. गोष्ट तीच!

मग आमची बेल वाजायला लागली. इस्त्रीवाला, टी-शर्टाची कडक घडी हातावर घेऊन. "ताई, हा परत घ्या. कापडाबद्दल तक्रार नाही हं. पण साहेब रोज भेटतात." त्याच्यामागे वॉचमन. "मॅडम, माझी गोष्ट पाठ झाली. काल साहेब मधेच अडले, तर पुढचं मीच सांगितलं." कचऱ्याच्या गाडीवरच्यांनी तर गाडीसुद्धा थांबवली नाही, खालून भिरकावले ते थेट गॅलरीत! अहो, कचरा नेणाऱ्यांनी परत केले! तुम्ही ऐकलंय कधी?

रविवारी संध्याकाळी खोली पुन्हा तुडुंब. उलट जास्तच, कारण आता सगळे धुतलेले, घड्या घातलेले, गेले त्याहून रुबाबात परत आलेले. मला वाटलं, हे नाचतील. तर नाही. पलंगाच्या कडेवर बसलेले, तोंड एवढंसं. म्हणाले, "टी-शर्ट नको होता म्हणून परत नाही दिला गं त्यांनी. मीच नको होतो." वाईट वाटलं हो, पण मी ढीग भिंतीकडे रेटायला लागले, कारण उद्या सोमवार होता!

सोमवारी मुलं आली. भिंतीला टेकून टी-शर्टांचे ढीग, मधल्या चिमूटभर जागेत मुलं, कागद, रंग. पाचच मिनिटांत एकीने पाण्याची वाटी उलटी केली. सगळं निळं पाणी गणवेशावर! ती रडायच्या बेतात, मी हाताला येईल तो टी-शर्ट ओढला नि तिच्या डोक्यातून घातला. घोट्यापर्यंत आला! बाकीच्यांचा गलका, "बाई, मला पण! बाई, मला पण!" घातले सगळ्यांना. म्हटलं, लागू देत रंग, लागू देत डाग, मरू दे एकदाची ती आठवण!

तेवढ्यात हे दारात. चेहरा पांढराफटक. "अगं, तो नको! त्यात आठव..." आणि ती निळी मुलगी मान वर करून विचारते, "आजोबा, तुम्ही खरंच रक्त दिलंत?"

हे थांबले. आत आले. मांडी ठोकून फरशीवर बसले. "त्याचं असं झालं..."

मी मनात म्हटलं, सुटले! टी-शर्ट कामी आले, ह्यांना ऐकणारे मिळाले, माझा वर्ग सुरू झाला. वर्ग सुरू झालाच हो. दणक्यात! आता दोन तुकड्या आहेत, खोलीत मुलं मावत नाहीत. हे सुई बघून कसे पडले ते रोज पडून दाखवतात, मुलं रोज टाळ्या वाजवतात, आणि ब्रश? कोरडे ठणठणीत! मी म्हणते, "चला, आता झाड काढू या," तर सगळी माझ्याकडे अशी बघतात, जणू मी दूरदर्शन बंद केलंय!

परवा एक नवीन बाई मुलाला घेऊन आल्या. दार मी उघडलं.

"आजोबांचा वर्ग तो इथेच ना?"

मी म्हटलं, "इथेच. या."

त्यांनी चपला काढल्या, आत डोकावल्या, आतून हशा ऐकला, खूश झाल्या. मग माझ्याकडे बघून अगदी आपुलकीने विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

आता काय सांगणार, तुम्हीच बोला... म्हटलं, "मी ना? मी मुलांना टी-शर्ट घालून देते."