सत्तावनच्या बंडखोरांचे वंशज मंडळ, शारजा

...आणि वर मलाच विचारतात, "जमालभाई, सेक्रेटरी तुम्ही, मग अध्यक्ष गेले कुठे?" अरे, मी काय अध्यक्ष खिशात घालून फिरतो? रूममेट आहे मी त्याचा, बायको नाही!

तुम्हाला सांगतो, हा आमचा मोहिद्दीन. गाव रत्नागिरीकडचं, नोकरी इथे शारजात, माल उतरवणाऱ्या ऑफिसात, माझ्याच शेजारच्या टेबलावर. तीन वर्षं घरी गेलेला नाही. निघाला तेव्हा मैमुनाबीला सातवा महिना, आता पोरगी धावायला लागली, बापाला फोटोत बघते. मैमुनाबीचं दर पत्रात एकच, "भाताच्या लावणीला तरी या." हा रजेचा अर्ज देतो आणि साहेब मान वर न करता म्हणतो, "इन्शाल्ला." इंग्रज माणूस, पण तेवढा एक शब्द बरोब्बर शिकलाय!

आणि अशा माणसाने काढलं काय, तर 'सत्तावनच्या बंडखोर शिपायांचे वंशज मंडळ'! मेंबर नऊ. शुक्रवारची नमाज आटपली की इथल्या रोल्ला मैदानातल्या वडाखाली सभा, अध्यक्षाला बसायला चहाचं खोकं. का? तर ह्याचा पणजोबा कंपनी सरकारच्या पलटणीत होता आणि सत्तावन साली सरकारने त्याचं नाव फरारी बंडखोरांत लिहिलं. झालं! चहात माशी पडली, कप परत. "जमाल, रक्तच तसलं आपलं!" साहेबापुढे "यस सर, यस सर", आणि बाहेर आला की, "आत्ता बोलणारच होतो हां मी, रक्तच तसलं!"

मग एका शुक्रवारी तय्यबने काडी टाकली. तय्यब म्हणजे ज्याला ते खोकं हवं होतं तो. "प्रूफ काय?" म्हणाला. मोहिद्दीन भडकला! म्हणाला, "रूल करतो! प्रत्येकाने घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं पत्र मागवायचं, बंद पाकीट सभेत फोडायचं, सेक्रेटरीने मोठ्याने वाचायचं. नाहीतर मेंबरशिप खलास! अध्यक्षाचीसुद्धा!"

आता सांगा, स्वतःच्या पायावर इतक्या हौसेने धोंडा कुणी मारून घेतो?

पहिलं पत्र त्याचंच आलं, त्याच्या म्हाताऱ्या आत्याचं. मी फोडलं, वाचलं...

"मोहिद्दीनला ताजबी फुफीचा दुवा. तुझा पणजोबा पलटणीत होता ते खरं. पण बंडाचं त्याला काही ठाऊक नव्हतं रे बाबा. लावणी आली, घरात पुरुषमाणूस नाही, पोरगी झालेली, तिचं तोंड बघितलेलं नाही. साहेबाने दोनदा रजा नाकारली, तेव्हा न विचारता पायी निघून आला. मागाहून पलटणीत बंड झालं, हजेरी घेतली, हा नाही, म्हणून नाव फरारी बंडखोरांत. आणि हा इथे गुडघाभर चिखलात! पुढे सहा वर्षं सरकारी माणूस दिसला की भाताच्या कणगीत बसायचा. बंदूक उडवल्याचं ऐकलं नाही. लावणी मात्र सुरेख करायचा."

हसून हसून लोक आडवे! तय्यब ओरडतोय, "यल्ला हबीबी, चला, खोकं खाली करा!" आणि मोहिद्दीन? तो मग हळूच म्हणाला, "जमाल, ते पुन्हा वाच."

"कुठलं? कणगीचं?"

"नाही रे. पोरीचं."

वाचलं. तो म्हणाला, "त्याला दोनदाच नाकारली... मला पाच वेळा."

आणि चार दिवसांनी बघतो तर खाट रिकामी! उशीवर चिठ्ठी, "बोटीने जातोय. लावणी आहे. साहेबाला विचारलेलं नाही. रक्तच तसलं."

आता साहेब माझ्यावर ओरडतो, "व्हेअर इज ही?" दोन टेबलांचं काम एकटा मी करतो! आणि तोच तय्यब, तोच हो, काल सभेत डोळे पुसत म्हणाला, "हा असली बंडखोर निघाला. अध्यक्ष तोच. लिहा सेक्रेटरी!"

लिहिलं. तुम्ही म्हणाल, जमालभाई, तुम्हाला तर चार वर्षं झाली, तुम्ही का नाही निघालात? अहो, काल माझंही पाकीट फुटलं ना! माझा पणजोबाही त्याच पलटणीत. घरची ओढ त्यालाही. पण त्याने रीतसर अर्ज दिला आणि मंजुरीची वाट बघत तिथेच बसला... बंड झालं, बंड मिटलं, कंपनी सरकार गेलं, राणी सरकार आलं, हा बसलेलाच!

आज सकाळी साहेबाकडे अर्ज दिलाय. सहावा. म्हणाला, "इन्शाल्ला."

मी म्हटलं, "थँक्यू सर."

काय करणार... रक्तच तसलं!