दहा बोटांचे ठसे

मामी : ...आणि हे शहाऐंशी साल आहे, शेहेचाळीस नव्हे. बाईमाणूस एकटं परदेशी कसं जाईल, हे पालुपद आता पुरे करा.

मामा : मी कधी म्हणालो कसं जाईल? खुशाल जाऊ दे. विमान आहे, तिकडच्या भिंगांच्या कंपनीचं बोलावणं आहे. पोलीस कचेरी अडून बसली त्याला मी काय करू?

मामी : कचेरी अडून बसली म्हणून तर तुमचा चेहरा खुललाय. ही परत आल्यापासून दोनदा शीळ घातलीत. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली मी तुमची शीळ.

भाची : मामी, असू दे ना.

मामी : काय असू दे? त्या ठसे घेणाऱ्या साहेबानं काय सांगितलं ते यांना पुन्हा नीट सांग. सोयीचं नसलं की यांना ऐकू येत नाही.

भाची : कागद दुसऱ्यांदा परत आला, मामा. दहाही बोटांना शाई लावली, कागदावर दाबली. नुसते काळे डाग उठले. धड रेषा नाहीत. साहेब भिंग घेऊन बघत बसले. भिंग आपलंच होतं.

मामा : आपलं? कशावरून?

भाची : कडेला तुमची खूण होती.

मामा : बघ! सरकारी कचेरीतसुद्धा आपलाच माल.

मामी : अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्हाला मालाचं पडलंय.

भाची : साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही उद्या चोरी केलीत तर आम्ही जन्मात पकडू शकणार नाही." सगळे हसले. मीही हसले. मग म्हणाले, "ठसे नाहीत तर चारित्र्याचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर व्हिसा नाही. काच घासणं सोडा. बोटं पाण्यात नको, घासायच्या पुडीत नको. हळूहळू रेषा परत येतात. मग या."

मामा : मग सोड की काच. मी काय तुझे हात चाकाला बांधलेत?

भाची : काच सोडली तर कंपनी सोडते. निघायच्या दिवसापर्यंत कामावर असायला हवं, अशी अट आहे त्यांची. हात चालू हवा म्हणे. मालकाचं पत्र हवं, की ही बाई आजही भिंगं घासते.

मामा : मग घास.

भाची : घासली की रेषा जातात.

मामा : मग घासू नकोस.

भाची : मग तुम्ही पत्र द्याल?

मामा : बसून राहिलीस आणि मी लिहू की घासते? ते नाही व्हायचं. माझ्या सहीनं आजवर वाकडं भिंग गेलेलं नाही, वाकडा शब्द कसा जाईल?

मामी : झालं! आले राजा हरिश्चंद्र. अहो, चार ओळी लिहायच्यात, स्वप्नातलं राज्य नाही द्यायचं कुणाला.

मामा : चार ओळी असोत नाहीतर चाळीस. खोटं ते खोटं.

मामी : मग तिला हातमोजे घालून बसू द्या चाकाशी. घासणंही झालं आणि बोटंही राहिली.

मामा : हातमोजे! अगं, यंत्र काच घासतं, पण शेवटचा हात माणसाचा लागतो. ओली पूड घेऊन उघड्या बोटाच्या टोकानं फिरवायची. काच कुठे राजी आहे, कुठे रुसलीय, ते बोटालाच कळतं. माझ्या वडिलांनी तेच केलं, मी तेच केलं, हिला तेच शिकवलं. बाळाला ताप आहे का ते तू हातमोजे घालून बघतेस का?

मामी : माझ्याकडे बाळ कुठे होतं बघायला? ही आली तेव्हा आठ वर्षांची होती. हिचा ताप बघितला मी. म्हणून बोलतेय.

मामा : ...चहा टाक जरा.

मामी : नाही टाकत. आधी बोला.

भाची : मामा, ती जागा पुढच्या महिनाअखेरपर्यंतच आहे माझ्यासाठी. मग दुसऱ्या कुणाला देतील. आणि मी आता तिशी ओलांडलीय, पुन्हा कोण विचारणार?

मामा : तुला इथे कमी काय आहे, ते सांग. मी कधी बोललो? हात उगारला? सणासारखं जेवण रोज नसेल, पण उपाशी ठेवलं?

भाची : नाही. काहीच कमी नाही.

मामा : मग?

भाची : वर झोपते, खाली बसते. जिना, एवढाच माझा प्रवास. खिडकी आहे तिला समोरच्या गोदामाची भिंत. त्या भिंतीवरचा कुठला पोपडा कधी पडला ते मी सांगू शकते. तुम्ही वाईट असता तर बरं झालं असतं मामा. भांडून गेले असते.

मामा : हे असं बोलायला कुठे शिकली ही?

मामी : तुमच्याच शेजारी बसून. गप्प राहून राहून शिकली. आणि आता मीच सांगते. सत्यबित्य काही नाही. तुम्हाला भीती वाटते.

मामा : मला? कसली?

मामी : सकाळी खाली उतराल, आपलं चाक सुरू कराल, आणि शेजारचं बंद असेल. त्याची. मला ठाऊक आहे, कारण मलाही वाटते. मी वर पोळ्या लाटते तेव्हा दोन चाकांचा आवाज येत असतो. एकाचाच आला तर मला पोळी गोल जमायची नाही. पण म्हणून मी तिच्या पायात पाय घालत नाही.

मामा : पाय घालतोय मी? पाय? अगं, तिच्या बोटांना रेषा नाहीत, हे मी केलं?

मामी : मग कुणी केलं?

भाची : मामी, पुरे. मामा, तुम्हाला खोटं लिहावं लागणार नाही.

मामा : म्हणजे? गेलं का डोक्यातून?

भाची : नाही. पण आधी सांगा, रागावणार नाही ना?

मामा : रागावलो तरी तू सांगणारच आहेस.

भाची : पहिला कागद परत आला ना, त्यानंतर मी शेवटचा हात बोटानं मारलेला नाही. काम एक दिवस चुकवलं नाही. पण बोट नाही लावलं.

मामा : मग कशानं मारलास? कोपरानं?

भाची : तळहातानं. अंगठ्याखालची ही गादी आहे ना, हिच्यानं. आधी टाकाऊ काचेवर करून बघितलं. चार-पाच खराब झाल्या. मग जमलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा साहेबांनी दाखवलं मला, करंगळीवर बारीक रेषा यायला लागल्यात. बाकीच्या बोटांच्या मागून येतील म्हणाले.

मामा : थांब. थांब जरा. कॉलेजचा माल गेला गेल्या आठवड्यात. सूक्ष्मदर्शकाची भिंगं. तो?

भाची : तोही.

मामा : तो मी स्वतः तपासला!

भाची : हो. दिव्यासमोर धरून. आणि म्हणालात, "पोरीच्या बोटाला तोड नाही."

मामी : म्हणाले होते! मी जिन्यात उभी होते, मी ऐकलं.

मामा : तू हसू नकोस. माझ्या खुणेखाली गेला तो माल. मला न विचारता, माझ्या वडिलांची पद्धत मोडून... चल खाली. आत्ता. माझ्यासमोर एक भिंग कर.

मामी : अहो, जेवायची वेळ झाली.

मामा : जेवण पळून जात नाही. तूही ये. साक्षीला.

(खाली चाक सुरू होते, बराच वेळ फिरते, आणि थांबते.)

भाची : घ्या.

मामा : दिवा पुढे ओढ. अजून. ...तो फडका दे.

मामी : काय दिसतंय?

मामा : बोलू नकोस.

मामी : मी श्वाससुद्धा घेत नाहीये.

मामा : ...कडेला बघतो. कडेला हमखास सापडतं. ...नाही. इथेही नाही. ओरखडा नाही, लाट नाही. पाण्यासारखं आहे.

भाची : मग लिहाल?

मामा : एक सांग. असं असेल, तर मला वडिलांनी बोटच का सांगितलं?

मामी : त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं असेल.

मामा : आणि त्यांना?

मामी : आता मी कुणाकुणाला जाऊन विचारू?

मामा : गरम भांडं धरतो मी, तेव्हा चटका उशिरा कळतो. नाणं बोटांत फिरवलं तर छापा की काटा, सांगता येत नाही. आपल्या लग्नात तुझा हात हातात दिला, तेव्हाच माझी बोटं अशी होती. मनात म्हटलं, बायकोचा हात कसा आहे ते मला नीट कळणारच नाही. पण कामासाठी गेलीत, असू दे.

मामी : ...हे तुम्ही मला आज सांगताय?

मामा : आज कळलं ना, की नसती गेली तरी चाललं असतं.

भाची : मामा, बोटानंसुद्धा चांगलंच होतं.

मामा : तसंच होतं. चांगलं नाही, तसंच. आता तू तरी खोटं बोलू नकोस. कागद आण.

भाची : आत्ता?

मामा : आत्ताच. सकाळपर्यंत मी पुन्हा शहाणा होईन. हं, मायना घातला. "सदर बाई माझी भाची असून आजही माझ्या दुकानात भिंगं घासते." बरोबर? "शेवटचा हात तळहातानं मारते."

भाची : ते कशाला लिहायचं?

मामा : खरं आहे म्हणून.

मामी : लिहू दे गं. वाचून हसतील, पण बोलावतील. हसून बोलावलेलं काय वाईट?

मामा : "तिच्या कामात मला खोट सापडली नाही. मी शोधली होती." झालं. ही सही. आणि ऐक, हे पत्रात नाही, तुला तोंडी सांगतो. तुझं चाक मी कुणाला देणार नाही.

भाची : द्या मामा. आवाज होत राहील.

मामा : ते मी बघतो. चला आता. जेवण थंड झालं म्हणून हिच्या शिव्या खायच्यात अजून.

मामी : आज नाही देत. या.

(चौदा वर्षांनंतर. टेलिफोनवर.)

मामी : हॅलो! जरा मोठ्यानं बोल. तू विहिरीतून बोलतेयस की काय?

भाची : मामी, मी आहे! मामांचं ऑपरेशन झालं का?

मामी : झालं, झालं. गुडघा तो, कुठे पळून जातोय! पण डॉक्टर म्हणतात, जिना आता विसरा. तेव्हा वरच असतात. खुर्चीत. समोरच्या भिंतीकडे बघत.

भाची : आणि दुकान?

मामी : दिलं भाड्यानं. घड्याळं दुरुस्त करणारा आहे एक. सज्जन आहे, पण इतकं शांत काम! दिवसभर खालून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तुझं चाक जिन्याखाली आहे. द्या म्हटलं भंगारात, तर आठवडाभर अबोला धरला. आणि तुझे ते ठसेवाले साहेब, निवृत्त झाले. चष्मा वापरतात आता. मधे आले होते, म्हणाले, "ती बिनरेषांची बाई पोचली ना सुखरूप?" म्हटलं, पोचली. सुखरूपचं तिलाच विचारा.

भाची : मामी!

मामी : मग काय चुकलं? कंपनी बंद पडली तेव्हा तू आम्हाला वर्षानं कळवलंस. आता तरी खरं सांग. काय करतेस?

भाची : इस्पितळात आहे. धुलाईखान्यात. चादरी, अंगरखे. बरं आहे. गरम असतं आत.

मामी : आणि भिंगं?

भाची : इथे सगळं यंत्रच करतं आता, मामी. शेवटचा हातसुद्धा.

मामी : हे मी यांना नाही सांगणार.

भाची : नका सांगू.

मामी : बरं, येणार कधी ते सांग. पासपोर्ट आला का परत?

भाची : कचेरीतच आहे. कायम राहायच्या परवान्याचा अर्ज चालू आहे ना. निकाल लागेपर्यंत देश सोडला तर अर्ज रद्द. मग आत येता येत नाही.

मामी : आणि निकाल कधी?

भाची : दर वेळी सांगतात, विचार चालू आहे.

मामी : इतकी वर्षं विचार? एवढ्यात मुलगी पाहून, लग्न लावून, नातवंडं झाली असती की गं त्यांच्या साहेबांना.

भाची : हं.

मामी : हसलीस की रडलीस? या वायरीतून कळत नाही मेलं.

भाची : हसले.

मामी : बरं. थांब. हे मघापासून खुर्चीतून हात पुढे करून बसलेत. एरवी फोनला शिवत नाहीत. घ्या हो, धरा. उलटा नाही, असा.

मामा : ...हॅलो.

भाची : मामा.

मामा : हं.

भाची : दुखतंय का फार?

मामा : नाही. तुझं बरं आहे ना?

भाची : बरं आहे.

मामा : मोठा आवाज येतोय तिकडून.

भाची : वारा आहे, मामा. इथे थंडीत फार सुटतो.

मामा : मग दार लावून घे.

भाची : असू दे. आवाज होत राहतो. मीच उघडं ठेवलंय.