वड्याचा लिलाव

अरे, चहा राहू दे, आधी हे ऐक! परळच्या कॉलेजात इकॉनॉमिक्सच्या पोरांना मी त्यांच्या विषयाचं इंग्रजी शिकवतो ना, तर परवा पुस्तक मिटलं आणि टेबलावर एकच गरमागरम वडा ठेवला. म्हटलं, "लिलाव! पण बोली का वाढवली, ते इंग्रजीत सांगायचं."

पोरं पेटलीच रे! बोली शंभरावर गेली. तेवढ्यात वर्षभर तोंड न उघडलेली स्नेहा उठली.

"सर, वेट. वडा विल बी कोल्ड. देन डिमांड विल फॉल."

झटक्यात सगळे हात खाली! मी विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?"

"बाबांची लालबागला वड्याची गाडी आहे, सर."

आता पुढच्या तासाला वडा मी आणणार, शिकवणार ती!