आई कशासारखी होती

शिवकन्या : मग चंद्रासारखी लिहू का?

उत्तरेश्वर : कोण?

शिवकन्या : आई.

उत्तरेश्वर : लिही की. पंधरा दिवस घटायची, पंधरा दिवस वाढायची.

(शिवकन्या दाराशी वही घेऊन बसलेली, तिचा बाप पायरीवर कोयत्याला धार लावतोय, शेजारी आणखी एक कोयता पडलेला.)

शिवकन्या : अप्पा, नीट सांगा. 'माझी आई' विषय हाय. बाईंनी 'सारखी' घालून वाक्यं मागितलीत. उपमा म्हणत्यात त्याला.

उत्तरेश्वर : तुझी आई उन्हाळ्यात गेली, हे बाईंना ठाऊक न्हाई का?

शिवकन्या : हाय. म्हणल्या, तू आत्यावर लिही. आत्याला कशाची उपमा द्यावी माणसानं?

उत्तरेश्वर : आग्या मोहळाची. पर लिहू नको, तुझ्या छबुआत्याला वाचता येतं.

शिवकन्या : आईचे डोळे कमळासारखे?

उत्तरेश्वर : कमळ कुठं पाह्यलं तू? धरणाच्या काठाला बेशरमाची फुलं हायती, ती घाल.

शिवकन्या : आवाज कोकिळेसारखा?

उत्तरेश्वर : ती उसाच्या फडातून हाक मारायची तर रोडवरचा ट्रॅक्टरवाला ब्रेक दाबायचा.

शिवकन्या : मग तसंच लिहिते. 'आईचा आवाज हॉर्नसारखा होता.'

उत्तरेश्वर : लिही. बाईंनी वर्गाबाहेर काढलं तर सांग, बापानं शिकवलं.

शिवकन्या : अन् हात?

उत्तरेश्वर : हात राहू दे. पुढचं घे.

शिवकन्या : त्रिंबक मुकादम आलते सकाळी. म्हणले, ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. तुझा बाप आता अर्धा कोयता हाय, अर्ध्याला टोळीत जागा न्हाई. मी म्हणलं, मामा, तुमी तर माणसालाच कोयता केलं. 'सारखा' न लावता असं म्हणलं की त्याला रूपक म्हणत्यात.

उत्तरेश्वर : खूश झाला असंल.

शिवकन्या : म्हणले, पोरगी हुशार हाय, मोळ्या झपाट्यानं बांधील. आत्याबी म्हणली, बाप-लेक मिळून पुरा कोयता होतो. अप्पा, तो दुसरा कोयता आईचा ना?

उत्तरेश्वर : गंजला असता. म्हणून काढला.

शिवकन्या : गंज काढायला मूठ तासून बारीक करायला लागती का?

उत्तरेश्वर : एवढं बघायला कुणी सांगितलं तुला?

शिवकन्या : बाईंनी. म्हणल्या, आधी बघा, मग लिहा.

उत्तरेश्वर : लई बोलत्यात तुझ्या बाई. फाल्गुनात येऊच की माघारी. शाळा कुठं पळून चालली?

शिवकन्या : आज्यानं आईलाबी हेच सांगितलं होतं. सहावीतच होती ती. फाल्गुनात आली, तर तिच्या जागेवर दुसरी पोरगी बसलेली. आईच सांगायची.

उत्तरेश्वर : मला न्हाई कधी सांगितलं.

शिवकन्या : तुमी विचारलं होतं का?

त्रिंबक : (अंगणात येत) उत्तऱ्या, हाईस का बे घरात? परवा पहाटं गाडी लागंल. दोघांचं सामान बांधून ठेव.

उत्तरेश्वर : या मुकादम, बसा. पोरगी आईवर वाक्यं लिहायली. तुमाला सुचतंय का काही?

त्रिंबक : त्यात काय सुचायचं? तुझी बायको म्हंजी मशीन होती, मशीन.

उत्तरेश्वर : बघ शिवे, मुकादमालाबी रूपक येतं.

त्रिंबक : मग येताव ना दोघं?

उत्तरेश्वर : न्हाई. पोरगी शाळेत जाणार.

त्रिंबक : एकट्याला मी घेणार न्हाई, सांगून ठेवतो.

उत्तरेश्वर : नका घेऊ. माजलगावच्या मोंढ्यात पोती उचलायला जोडी लागत न्हाई. सांजंला घरीबी येता येतं.

त्रिंबक : कंबर टिकंल का तुझी?

उत्तरेश्वर : मशीन टिकली न्हाई, कंबरेचं काय घेऊन बसलाव.

त्रिंबक : तुझी मर्जी. छबुबाईला मात्र तूच सांग. चलतो.

शिवकन्या : गेले. अप्पा, आत्या लई बोंबलंल.

उत्तरेश्वर : बोंबलू दे. किती राह्यलं तुझं?

शिवकन्या : शेवटचं एक. ते तुमी सांगा.

उत्तरेश्वर : मला सजवून न्हाई येत.

शिवकन्या : न सजवता सांगा.

उत्तरेश्वर : लिही. आई पुढं तोडत जायची, बाप मागं मोळ्या बांधायचा. ती कधी मागं वळून बघायची न्हाई.

शिवकन्या : कावून?

उत्तरेश्वर : मी मागं हाय, ते तिला ठाऊक होतं.