छातीवर अडकलेला रॉड

अवं, भंडाऱ्याच्या जिममध्ये माझी काय फजिती झाली, ऐका तं. दोन महिने हलके डंबेल उचलून मले वाटलं, आता सगळं जमते. ट्रेनर म्हणे, "ताई, मी येतपर्यंत वजन वाढवू नका." मी कायची थांबते! रॉडले दोन्हीकडं जड प्लेटा चढवल्या, बेंचवर झोपून रॉड घेतला, तं थो छातीवरच बसला. वर जाईचना. लाजेनं ओरडलीही नाही.

ट्रेनरनं दुरून पाहिलं अन् धावत येऊन उचलला. तेवढ्यात आमचे हे घ्यायले आले अन् घाबरले. "चाल घरी! कायले जिवाशी खेळून राहिली?"

मी ट्रेनरले म्हटलं, "प्लेटा काढ. रिकाम्या रॉडवर चूक दाखव." मंग यांच्याकडं वळली, "तुम्ही भाजी घेऊन या. माझे दोन सेट बाकी आहेत."