खोल बसवलेली लादी

लामप्ते : आंटी देदेई, आपण गटारावरच्या या लादीवरून उठावे, ही माझी नम्र विनंती आहे. हातात घण घेऊन माणसाने किती काळ उभे राहावे?

देदेई : उभा राहा म्हटलं कुणी? बस की शेजारी. पानात गुंडाळलेली मक्याची केंकी अजून गरम आहे.

लामप्ते : आकाश काळवंडले आहे. मागच्या पावसात गटाराचे पाणी माझ्या घरात पलंगापर्यंत चढले. माझी कन्या टेबलावर निजली.

देदेई : पाणी पिऊन प्लास्टिकच्या पिशव्या गटारात फेकतं कोण? तुमच्याच आळीची पोरं ना?

लामप्ते : त्या पिशव्या वाहत समुद्राला जातील. परंतु या लादीखाली अडतात, एकीवर दुसरी बसते, आणि पाणी मागे फिरते. साऱ्या आक्रा शहरात लाद्या गटाराच्या काठावर ठेवतात. आपल्या यजमानांनीच ही आत खोल का बसवली, ते मला उमगत नाही.

देदेई : त्याच्या दोन्ही दोस्तांचे गुडघे गेलेले. रोज सोंगट्या खेळायला यायचे. पाय उचलायला लागू नये, म्हणून रस्त्याशी सपाट बसवली.

लामप्ते : त्या तिघांच्याही अंत्ययात्रेस मी काळ्या-तांबड्या वस्त्रांत उपस्थित होतो.

देदेई : होतास. दोनदा जेवलासही.

लामप्ते : मग आता या लादीवर कोण येते, आंटी?

देदेई : तू येतोस.

लामप्ते : मी? मी तर केवळ पाणी तुंबल्यावर...

देदेई : तेच. तुंबलं की तू बांबू घेऊन येतोस, शेजारची शिंपीण येते, तिचा नवरा मला शिव्या घालत येतो. घाण काढता, हात धुता, मग इथंच बसून खाता. तळलेली मासळी कमी वाढली म्हणून भांडता.

लामप्ते : पाणी तुंबले नाही तरी आम्ही येऊ. माझे वचन आहे.

देदेई : कोरड्या दिवसांत, धुळीच्या वाऱ्यात, आलास कधी?

लामप्ते : तेव्हा कामाचे दिवस असतात, आंटी.

देदेई : जाऊ दे. पोरगी कुठाय तुझी?

लामप्ते : घरी. सामान टेबलावर रचते आहे.

देदेई : हात दे, उठव मला. मार घण.

(लादी फुटते. तुकडे निघतात. थोड्या वेळाने पाऊस कोसळतो; तो रस्त्याच्या बाजूला, ती दाराशी.)

लामप्ते : पाहा, आंटी! कसे सरळ धावते आहे! कोठेही थांबत नाही!

देदेई : दिसतंय.

लामप्ते : उद्या मी येथे उंच फळी टाकीन, आणि तीवरून येऊन आपल्याजवळ बसेन.

देदेई : बघू. दोन केंकी फेकते, झेल. आज पोरीबरोबर घरीच खा.