पदरातला मोर

अनसूयाकाकू : मोर जरा मोठा कर की गं. तिचा हात दिसतोय अजून.

आभा : आणखी मोठा केला तर तनयच झाकला जाईल, काकू. बारशाचा फोटो आहे, तिच्या मांडीवरच आहे ना तो.

अनसूयाकाकू : मग तिला सरळ उडवून टाक. तुमच्या कॉम्प्युटरात येतं म्हणे तसं.

आभा : येतं. पण मग बाळ हवेत लटकतं. काल करून बघितलं मी, कसंतरीच दिसतं.

अनसूयाकाकू : अगं, तनयच्या मुंजीला स्वरदाच्या माहेरची सगळी माणसं येणार. हॉलमध्ये पडद्यावर हा अल्बम फिरणार, आणि त्यात माझ्या गौरांगची पहिली बायको मिरवणार? शोभतं का?

आभा : स्वरदावहिनी म्हणाल्या का तसं?

अनसूयाकाकू : ती कशाला म्हणेल? गरीब आहे ती. मीच म्हणतेय. काडीमोड झाला, विषय संपला. निकिता तिकडे मनमाडला सुखात, आम्ही इथे नाशकात सुखात.

आभा : बरं. मग पहिल्या वाढदिवसाच्या पानावरही मोरच ठेवते. उष्टावणाला नुसती किनार पुरेल, तिथे निकितावहिनी कडेला आहेत.

अनसूयाकाकू : किनार मात्र सुरेख हं. हे असलं सगळं नेटवर विकत मिळतं का?

आभा : मिळतं, पण गुलाब, लेस, फुलपाखरं असलंच. मुंजीला काय कामाचं? मी फोटोतूनच काढते. एखादी नक्षी निवडायची, भोवतालचं सगळं खोडायचं, रंग उजळायचे, खाली बारीकशी सावली द्यायची. मग कात्रण चिकटवल्यासारखं दिसतं.

अनसूयाकाकू : कुठल्या फोटोतून?

आभा : याच की. बारशाच्या.

अनसूयाकाकू : म्हणजे हा मोर...

आभा : निकितावहिनींच्या पदरावरचा. किनारही त्याच पैठणीची. मला वाटलं, तुम्ही बघताक्षणी ओळखलं असेल.

(अनसूयाकाकू स्क्रीनवरच्या मोरावर बोट ठेवतात.)

अनसूयाकाकू : येवल्याहून मीच आणली होती गं ती. तिला जांभळी हवी होती. मी म्हटलं, छे, माझ्या सुनेला हिरवीच शोभेल. आणि आता तिच्याच पदराने तिचं तोंड झाकत बसलेय.

आभा : दुसरं काहीतरी लावू का? बदलायला वेळ नाही लागत.

अनसूयाकाकू : तनयने बघितलं हे?

आभा : परवा आला होता तेव्हा टॅबवर दाखवलं. चुकलंच माझं. नुसता बोटाने मोर बाजूला सरकवायला बघत होता.

अनसूयाकाकू : सरकला?

आभा : नाही हो. त्या फोटोत सगळं एकत्र चिकटलेलं होतं. माझ्या मूळ फाइलीत सरकतो. वहिनी खाली तशाच आहेत. झाकल्यात, पुसल्या नाहीत मी.

अनसूयाकाकू : लाज वाटते गं मला. काय वाटलं असेल त्या लेकराला! तिचा फोन आला होता मध्ये. म्हणाली, मातृभोजनाला स्वरदाच बसू दे त्याच्याबरोबर, तो मान तिचा. मी मागे कुठेतरी उभी राहून बघते आणि निघते, म्हणाली. आणि मी काय सांगावं तिला? म्हटलं, हॉल लहान आहे.

आभा : कुठला? गंगापूर रोडचा? अहो, लग्नं होतात तिथे!

अनसूयाकाकू : मला नको सांगूस. तिलाही माहितीये ते. तिचं लग्न तिथेच झालं. तरी ‘बरं आई’ म्हणाली आणि ठेवला फोन. ‘आई’ म्हणाली गं अजून.

आभा : मग करा ना आता फोन. लावून देऊ?

अनसूयाकाकू : नको, नको! कुठल्या तोंडाने बोलू? तुझ्याकडे नंबर आहे ना तिचा?

आभा : आहे.

अनसूयाकाकू : मग हे बारशाचं पान पाठव तिला. खाली मुंजीची तारीख आणि मुहूर्त घाल.

आभा : आणि वर काय लिहू?

अनसूयाकाकू : काही नको. धीर आला की बोलेन मी. आभा...

आभा : हं?

अनसूयाकाकू : मोर काढून पाठव.